गोफणीनं पाडलेला ड्रोन

"आठ... नऊ... दहा! अरे, अजून फिरवूनच राहिला!" विश्वंभर कुजबुजला. "सोड की बाबा आता!"

बांधावर पालथी पडलेली तीन पोरं डोळे ताणून समोर बघत होती. समोरच्या पडीक रानात सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. जरीचा अंगरखा, नकली मिशी आणि कपाळभर कुंकू अशा थाटात प्रल्हादराव डोक्यावर गोफण गरगरा फिरवत होते. मागे ढोल बडवले जात होते. शेजारी एक माणूस भल्यामोठ्या पंख्यापुढे पोत्यातली धूळ ओतत होता, आणि ती सगळी धूळ प्रल्हादरावांच्याच तोंडात जात होती.

"ह्यो गोफण मारून राहिला का हेलिकॉप्टर उडवून राहिला?" पुजानं विचारलं. "तेवढ्या वेळात शत्रू घरी जाऊन, भाकर खाऊन, हात धुऊन परत येईल!"

"कट!" कोणीतरी ओरडलं. प्रल्हादराव थांबले, खोकले, आणि त्यांनी गुटख्याची लांबच लांब पिचकारी मारली. ती नेमकी दोन हजार वर्षांपूर्वीच्या किल्ल्याच्या भिंतीवर बसली. भिंत थर्माकोलची होती.

"शी!" प्रतिक्षा म्हणाली.

यंदाची दिवाळीची सुट्टी प्रतिक्षाला 'शी' म्हणण्यातच जाणार असं दिसत होतं. ती हट्टा गावाहून मामाकडे आली होती. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यालगत मामाचं गाव. विश्वंभर हा वैजनाथमामाचा मुलगा, आणि पुजा त्याच्या वर्गातली, ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची. प्रतिक्षाला माणसं न्याहाळायची खोड होती. कोण किती बोलतो आणि त्यातलं किती करतो, याचा हिशोब ती मनातल्या मनात ठेवायची. बहुतेकांच्या नावावर बाकीच निघायची.

या सिनेमाचे मालक होते गावातले मोठे जमीनदार व्यंकटराव. प्राचीन काळी गोफणीनं लढलेल्या सैन्याची गोष्ट होती म्हणे. नायक कोण? व्यंकटरावांचे मेहुणे प्रल्हादराव! त्यांनाच का घेतलं, हे कोणी विचारत नव्हतं. व्यंकटरावांच्या बायकोनं सांगितलं होतं, विषय संपला.

"मी जाऊन सांगते," पुजा एकदम उठली. तिच्या कमरेला गोफण कायमच असायची.

"नको गं!" प्रतिक्षा म्हणाली. पण पुजा थेट दिग्दर्शक सुबोध सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, गोफण अशी नसते फिरवत. हे बघा. ह्या दोरीच्या टोकाला फासा असतो, तो बोटात घालायचा. ही दुसरी दोरी नुसती चिमटीत धरायची. खोळीत गोळा ठेवायचा. एक फेरा घ्यायचा, पाय पुढं टाकायचा, चिमटी सोडायची. चटाक! गोळा जातो, गोफण बोटातच ऱ्हाते."

सुबोध सर चष्मा पुसत हसले. "बाळ, एका फेऱ्यात संपलं तर ढोल कधी वाजवायचे? सिनेमात खरं असून भागत नाही. भारी दिसावं लागतं."

"आणि हे पाखरं हाकलायचं काम आहे!" प्रल्हादराव गुटखा सांभाळत म्हणाले. त्यांच्या बोटांत पुष्कराज, पोवळं, मोती अशा अंगठ्या चमकत होत्या. "आमी योद्धे! बुजगावण्यानं आम्हाला शिकवायचं का?"

सगळे खदाखदा हसले. सामान सांभाळणारा सोनाजी तर मांड्या थोपटून हसला. पुजाचे कान लाल झाले.

"पाखरं हाकलत न्हाई, पाडते मी!" ती ठणकावून म्हणाली. "उडता कावळा पाडते! अन् कोणत्या डोळ्यावर मारायचं ते आधी सांगते!"

आता तर हसण्याचा पूरच आला. परत येताना विश्वंभर आदरानं म्हणाला, "कोणत्या डोळ्यावर?"

"गप ऱ्हा!" पुजा म्हणाली.

घरी जाताना ओढ्याजवळून तिघांनाही नाकं दाबून जावं लागलं. शूटिंगच्या लोकांनी आठवडाभरात ओढ्याचा काठ उकिरडा करून टाकला होता. उष्ट्या पत्रावळी, आंबलेला भात, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे. त्यावर कुत्री भांडत होती. खालच्या अंगाला याच पाण्यावर तांड्याची जनावरं येत होती. वैजनाथमामानं दोनदा सांगून पाहिलं होतं. "उचलतो की!" असं त्याला दोनदा उत्तर मिळालं होतं.

दुपारी पुजा माळ्यावर गेली. तिचा बाप देविदास व्यंकटरावांचं एक वावर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचा. सोयाबीन निघून गेलं होतं, पण या वावरात ज्वारी भरात उभी होती, आणि पाखरं टपून होती. ज्वारीच्या मधोमध चार डांबांवर बांधलेल्या माळ्यावर उभं राहून पुजा दिवसभर गोफण वाजवायची.

प्रतिक्षा आणि विश्वंभर घरी जेवायला बसलेच होते, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला.

"ड्रोन पडला! ड्रोन पाडला!"

दोघं हात न धुताच पळाले.

ज्वारीच्या कडेला, धुऱ्यावरच्या चिखलात, शूटिंगचा ड्रोन मोडून पडला होता. शेजारी एक गुळगुळीत गोटा होता. सुबोध सर डोकं धरून बसले होते. ड्रोन त्यांनी स्वतःच्या नावावर भाड्यानं आणला होता.

"आमी सगळे जेवून राहिलो होतो," सोनाजी सगळ्यांना सांगत होता. "ड्रोन वर गेला कसा, ते कळलं न्हाई. बटन दबलं असंल चुकून. पन माळ्यावरून चटाक् आवाज आला, तो मी ह्या कानानं ऐकला. अन् लगेच ड्रोन खाली! आतलं कार्डही चिखलात कुठं गेलं, सापडंना."

"नेम बघा पोरीचा!" प्रल्हादराव मान हलवत म्हणाले. "उडत्या कावळ्याचा डोळा फोडते. सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं तिनं."

प्रतिक्षाला किळस आली. सकाळी जे लोक मांड्या थोपटून हसले होते, तेच आता पुजाच्या नेमाची तारीफ करत होते! सकाळी बुजगावणं, दुपारी धनुर्धर. सोयीप्रमाणे माणसाची किंमत वरखाली करणारे हे लोक पत्रावळीवरच्या उष्ट्यापेक्षा कमी घाण नव्हते.

व्यंकटराव आले. "पोरी, तूच पाडला का?"

सगळ्यांचे डोळे पुजावर होते. गर्दीत कोणीतरी पुटपुटलं, "एका दगडात उडता ड्रोन! मानलं बुवा!" पुजाची मान नकळत थोडी वर झाली.

"पडला असंल," ती म्हणाली. "माझ्याच गोफणीनं."

"बस्स!" व्यंकटराव म्हणाले. "देविदास, उद्या सकाळी माळा मोड. माझ्या वावरात आता पाय ठेवायचा न्हाई. ज्वारी मी दुसऱ्याकडून काढून घेईन."

 नांगरटीपासून या ज्वारीत देविदासचा घाम गेला होता. त्यानं फक्त लेकीकडे पाहिलं, आणि पुजाची वर गेलेली मान एकदम खाली आली.

"तू खरंच मारलास?" ओढ्याच्या पुलावर प्रतिक्षानं पुजाला गाठलं.

"मी पाखरांवर गोळा सोडला. अन् तिकडं धाडकन् आवाज झाला. मी बघितलं न्हाई."

"आजपर्यंत किती कावळे पाडलेस?"

पुजा गोफणीची दोरी बोटाला गुंडाळू लागली.

"पुजा! किती?"

"एक पन न्हाई," ती पुटपुटली. "एकदा चिमणी घाबरून पडली होती. पन ती उठून उडून गेली."

"आणि तू सगळ्या गावापुढे कबूल केलंस! कशासाठी? लोकांनी वाहवा केली म्हणून? तुझ्या बापाची ज्वारी चालली!" प्रतिक्षा इतकी चिडली होती, की तिला पुजाचाही त्या क्षणी वीट आला. पण पुजाच्या डोळ्यांत पाणी बघून ती जरा नरमली. "बरं, रडू नको. खोळीत तोच गोटा होता का?"

"काहून असंल? मी मातीचे गोळे वापरते! उभ्या ज्वारीत दगड टाकला, तर काढणीला विळा दगडावर बसतो अन् धार जाते. दगड टाकलेला दिसला, तर बा माळ्यावर चढू देनार न्हाई!"

प्रतिक्षा थबकली. "मग तो गोटा आला कुठून?"

"अजून एक गंमत," विश्वंभर म्हणाला. तो खिशातले शेंगदाणे खात होता. संकटात त्याला जास्तच भूक लागायची. "प्रल्हादरावांची गोफण सकाळी तांबडी होती. मला आवडली होती, म्हणून लक्षात आहे. मघाशी गर्दीत त्यांच्या हातात होती ती पिवळी होती."

"चला!" प्रतिक्षा म्हणाली.

सोनाजी सामानाच्या तंबूबाहेर खाटेवर बसला होता. विश्वंभरनं भोळा चेहरा करून विचारलं, "काका, ती तांबडी गोफण कुठंय? फोटो काढायचाय."

सोनाजी दचकला. "तीच की ही! उन्हानं रंग उडाला."

"अर्ध्या दिवसात?"

"नायलॉनचा रंग असाच असतो! पळा इथून!"

तेवढ्यात प्रतिक्षानं तंबूतल्या टेबलावर ठेवलेला ड्रोन पाहून घेतला होता. गोटा लागल्याची कुठेच खूण नव्हती. ना खड्डा, ना तडा. पण एक पातं गायब होतं, आणि ते जिथे बसतं, त्या खुंटीला तांबड्या दोऱ्याचे दोन-तीन तंतू घट्ट वेढलेले होते.

"पुजाची गोफण कशाची आहे?" पळतापळता तिनं विचारलं.

"अंबाडीची! बानं वळलीय."

"मग तांबडं नायलॉन ड्रोनला कसं गुंडाळलं गेलं? दगड नाही लागला. अख्खी गोफणच जाऊन पात्यात अडकली! ती सोनाजीनं कापून काढली आणि टाकून दिली."

"कुठं टाकली असंल?" विश्वंभरनं विचारलं, आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "नको! प्रतिक्षा, नको!"

"हे लोक सगळं कुठं टाकतात?" प्रतिक्षा म्हणाली.

उजाडल्या उजाडल्या तिघं उकिरड्यावर उभी होती. पुजानं काठीनं कुत्री हाकलली. प्रतिक्षानं नाकाला रुमाल बांधला, डोळे मिटले आणि हात घातला.

तो अनुभव तिनं पुढे कोणालाच नीट सांगितला नाही. खाली कालची वांग्याची भाजी होती. त्याखाली परवाची होती. त्याखाली जे होतं, ते कधी काळी श्रीखंड असावं. थर्माकोलच्या पेल्यात गुटख्याची थुंकी साठली होती, आणि त्यात माश्या पोहत होत्या.

"शी! शी! शी!" प्रत्येक 'शी'ला ती एकेक पत्रावळ बाजूला टाकत होती. "पडद्यावर साम्राज्य, आणि पडद्यामागे हे!"

"मी जन्मात वांगं खाणार न्हाई," विश्वंभर म्हणाला, आणि ओढ्याच्या कडेला जाऊन सकाळचा चहा ओकून आला.

"काय तरी हाय!" पुजा ओरडली. काठीला काहीतरी तांबडं अडकलं होतं. ओढलं, तसं ते लांबत गेलं. कापलेली गोफण! तिच्या दोऱ्यांत पीळ पडले होते, आणि त्या पिळांत ड्रोनचं मोडकं पातं घट्ट रुतून बसलं होतं.

तिघांनी ती तशीच घाणेरडी पिशवीत घातली.

"पण हे पुरेसं नाही," प्रतिक्षा म्हणाली. "म्हणतील, तुम्हीच गुंडाळलं. गोफण अख्खी कशी उडते, ते त्यांनीच सगळ्यांना दाखवलं पाहिजे."

वावरावर गाव जमलं होतं. देविदास माळ्याच्या दोऱ्या सोडायला चढला होता. व्यंकटराव पांढरंशुभ्र धोतर नेसून बांधावर उभे होते. पलीकडे शूटिंगची तयारी चालली होती, चुलीवर रश्शाचं पातेलं रटरटत होतं.

प्रतिक्षा थेट प्रल्हादरावांकडे गेली. "प्रल्हादकाका, पुजाला अद्दल घडायला पाहिजे. खऱ्या योद्ध्याची गोफण कशी असते, ते तिला एकदा दाखवा ना. दगड घालून. सुबोध सर व्हिडिओ घेतील, आम्ही शाळेत दाखवू."

प्रल्हादरावांची नकली मिशी खऱ्या अभिमानानं थरथरली. "का न्हाई! सगळे मागं सरा!"

"पण आधी हा फासा बोटात घाला," पुजा म्हणाली.

प्रल्हादरावांनी फासा बोटात घालायचा प्रयत्न केला. पुष्कराजापाशी अडकला. दुसऱ्या बोटात घातला, पोवळ्यापाशी अडकला. "हे फासे-बिसे बायकापोरांना! मर्दाची मूठ पुरते!" असं म्हणून त्यांनी दोन्ही दोऱ्या मुठीत आवळल्या.

सोनाजी एकदम पुढे आला. "दादा, राहू द्या, कशाला उगाच..."

पण दादा फिरवू लागले होते! गरगर, गरगर, गरगर! "सोडा!" विश्वंभर किंचाळला. प्रल्हादरावांनी मूठ उघडली, आणि दगड, खोळ, दोऱ्या, सगळी गोफण सापासारखी वळवळत मागच्या बाजूला उडाली. गाव खाली बसलं. धप्प! गोफण थेट रश्शाच्या पातेल्यात! तांबड्या तर्रीचा फवारा उडाला, आणि व्यंकटरावांच्या धोतरावर जिल्ह्याचा नकाशा उमटला.

"कालही अशीच उडाली होती!" प्रतिक्षा ओरडली, आणि तिनं पिशवी उलटी केली. वास असा सुटला, की पुढची रांग चार पावलं मागे सरली. "ही बघा कालची गोफण. हे तिच्यात अडकलेलं ड्रोनचं पातं. सोनाजीकाकांनी कापून उकिरड्यात टाकलं होतं!"

सुबोध सरांनी नाक दाबून पातं उचललं. "आमचंच आहे."

व्यंकटराव धोतर झटकत म्हणाले, "लेकरांचा खेळ हाय हा! ह्या पोरीनं काल गावापुढं कबूल केलं की, माझ्याच गोफणीनं पडला. ऐकलं का न्हाई सगळ्यांनी?"

"ऐकलं," लोक म्हणाले.

आता सगळं पुजावर आलं. ती पुढे झाली. प्रतिक्षानं तिला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. कालचं कबूल करणं सोपं होतं, त्यात वाहवा होती. आजच्यात काहीच नव्हतं.

"मी काल खोटं बोलले," पुजा म्हणाली. "मला उडत्या वस्तूला मारता येत न्हाई. मी एक पन कावळा पाडला न्हाई. माझी गोफण नुसती वाजते, अन् पाखरं उडतात. कोणी नेमबाज म्हणलं तर बरं वाटलं, म्हणून बोलले. ड्रोनला मी दगड मारला न्हाई. मारला असता, तरी लागला नसता."

कोणी हसलं नाही. माळ्यावर देविदासचे हात थांबले होते.

"आन् सोनाजी," वैजनाथमामा शांतपणे म्हणाला, "कार्ड कुठंय? चिखलात तर न्हाई. मी काल चाळणीनं चिखल गाळलाय."

सोनाजीनं गुटखा गिळला. त्याचा हात हळूहळू खिशात गेला, आणि कार्ड बाहेर आलं. "दादांनीच सांगितलं," तो रडकुंडीला आला. "सगळे जेवून राहिले तवर आपली एक रील काढू म्हणाले. मी ड्रोन वर घेतला. दादांनी गोफण फिरवून सोडली, ती ड्रोनमध्येच गेली! मग गोटा मीच शेजारी आणून ठेवला!"

सुबोध सरांनी कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं. पडद्यावर प्रल्हादराव हसत होते, फिरवत होते, फिरवतच होते. मग एक तांबडी वळवळ थेट समोर आली, आणि पडदा काळा झाला.

व्यंकटरावांनी मेहुण्याकडे बघितलं. मग धोतराकडे बघितलं. दोन्हीकडे बघून त्यांना सारखंच वाटलं असावं.

"प्रल्हाद, अंगरखा काढ," ते म्हणाले. "टोपलं घे. तू अन् सोनाजी. ओढ्याचा काठ दुपारपातुर साफ दिसला पाहिजे. देविदास, खाली उतर बाबा. माझं चुकलं. वावर तुझंच समज."

देविदास सावकाश उतरला. "वावर तुमचंच ऱ्हाऊ द्या मालक," तो म्हणाला. "ज्वारी तेवढी निघेपातुर आमाला ऱ्हाऊ द्या. चार लोकांसमोर बोला, म्हंजे झालं."

व्यंकटराव चार लोकांसमोर बोलले. मोठ्यानं, दोनदा. वैजनाथमामानं भाचीची पाठ थोपटायला हात उचलला, तिच्या बाह्या पाहिल्या, आणि हात तसाच मागे घेतला. "शाब्बास!" तो लांबूनच म्हणाला. "गावातली घाण गावापुढं आणलीस! विश्वंभर, तुझीही नजर पक्की. आन् पुजा, तू आज जे बोललीस, ते मोठ्या माणसाच्यानं होत न्हाई."

सुबोध सर खजील होऊन जवळ आले. "जुन्या उत्खननांत गोफणीचे मातीचे गोळे सापडतात, हे मी वाचलं होतं, बरं का. पण पडद्यावर दगड भारी दिसेल असं वाटलं. पुजा, तुझ्या बाबांची हरकत नसेल, तर सेनेतली एक गोफणवाली तू होशील? एकच फेरा. ढोल नाही."

देविदासनं मान डोलावली. लांब बांधावर एक मडकं ठेवलं गेलं. अंगरखा पुजाला गुडघ्यापर्यंत आला. तिनं फासा बोटात घातला, गोळा खोळीत ठेवला. एक फेरा, एक पाऊल. चटाक!

गोळा मडक्याच्या डावीकडून गेला.

दुसरा अलीकडेच फुटला. तिसरा वरून गेला. ज्वारीतून मात्र प्रत्येक वेळी पाखरांचा अख्खा थवा भुर्रकन् उठत होता, आणि कॅमेरामन तोंड उघडं टाकून बघत होता. चौथ्याला मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या!

"वा!" सुबोध सर टाळ्या वाजवत म्हणाले. "पहिले तीन कापून टाकू. चौथाच ठेवू."

"न्हाई सर!" पुजा ओरडली. "चारी ठेवा!"